खाटेपासून खाटेपर्यंत

मला स्वस्थ बसता येत नाही, ही तक्रार आधी माझ्या आईची होती, मग सासूची झाली आणि शेवटी दवाखान्यातल्या सगळ्यांची. जेवतानाही माझा एक पाय हलत असतो. अशा बाईच्या हातात कुणी घड्याळ आणि वही देऊ नये. आमच्या डॉक्टरांनी दिली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका बाजारगावात, ट्रस्टच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. तळमजल्यावर तातडीचा विभाग आणि एक्स-रे, वरच्या मजल्यावर मागाहून बांधलेलं आयसीयू. लिफ्ट नव्हती. दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक रॅम्प होता आणि रॅम्पच्या मध्यावर एक वळण. अत्यवस्थ माणसाला वर न्यायचं किंवा खाली आणायचं म्हणजे त्या रॅम्पवरून स्ट्रेचर ढकलायचं. पुढे एक वॉर्डबॉय मामा, मागे एक मामा, सलाइनची बाटली उंच धरलेली मावशी, पेशंटच्या पायांमध्ये आडवा ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मागून सगळा गोतावळा. आमच्याकडे पेशंट एकटा कधी येत नाही. जीपमध्ये मावतील तेवढी माणसं येतात आणि प्रत्येकाला स्ट्रेचरला हात लावायचा असतो. हात लावला नाही तर उद्या गावात ऐकून घ्यावं लागतं.

वही सुरू झाली ती पेठ गावच्या एका आजोबांमुळे. त्यांना एक्स-रेसाठी खाली नेलं आणि परत वर आणलं तेव्हा ओठ निळे पडलेले. सिलिंडर रिकामा होता. तो खाली जाताना संपला, एक्स-रे काढताना संपला की येताना, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. आजोबा वाचले, पण त्यात आमची काही कर्तबगारी नव्हती. डॉक्टर त्या दिवशी ओरडले नाहीत. ते मला म्हणाले, "खाटेवर असताना आपण या माणसाचं सगळं मोजतो. खाटेवरून उचललं की मोजणं बंद. पुढच्या खाटेवर ठेवलं की पुन्हा सुरू. मधल्या वेळात तो कुणाचा असतो?"

मला हा प्रश्न नको तेवढा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक घड्याळ आणि लांब वही दिली आणि मी पट्टीने रकाने आखले. कुठून, कुठे, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, निघताना नाडी आणि ऑक्सिजन, पोचल्यावर नाडी आणि ऑक्सिजन, सोबत कोण, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना: वाटेत काय अडचण आली.

महिनाभरात बाकीचे रकाने भरले. शेवटच्या रुंद रकान्यात मात्र एकाच शब्दाची रांग लागली. नाही. नाही. नाही. सलाइनची सुई निघालेली मी डोळ्यांनी पाहिली होती, तिथेही नाही. मी थोरल्या मामांना गाठलं. दवाखाना बांधला तेव्हापासूनचा हा माणूस, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा.

"मामा, काल सुई निघाली ना? मग लिहिलं का नाही?"

"बाई, आता लिवायचं आन् उद्या ट्रस्टींम्होरं उभं ऱ्हायचं, आसं व्हय? तुमी शिकलेल्या. आमाला घरी बसवत्याल."

"कुणी घरी बसवणार नाही. चूक लिहिली तरच ती सुधारता येईल."

"मंग तुमची लिवा की आदी."

मी तणतणत निघून गेले. माझी चूक असती तर लिहिली नसती का, असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. तेव्हा मला स्वतःबद्दल फार भरवसा होता.

त्यातून एक गोष्ट मला छळायला लागली. मी मोकळं स्ट्रेचर घेऊन खालून वरपर्यंत ढकलून पाहिलं होतं, मग मावशींना त्यावर झोपवून ढकलून पाहिलं होतं. मावशी हसून हसून खाली पडायच्या बाकी होत्या. वेळ दोन्हीदा जवळपास सारखाच. पण खऱ्या पेशंटच्या वेळी वहीत दोन-तीन मिनिटं जास्त पडत. कधी चार. ही मिनिटं जात कुठे होती? घरी भाकरी थापताना तोच विचार, बसमध्ये तोच. नवरा म्हणाला, "अगं, तीन मिनिटांनी काय होतंय?" ज्याला श्वास येतो तोच असं बोलू शकतो. मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

शेवटी मी एका स्ट्रेचरच्या मागोमाग, पाहुण्यांच्या घोळक्यात शिरून चालत गेले. तेव्हा कळलं. वळणावर स्ट्रेचर थांबत होतं.

त्या वळणाची गंमत अशी की तिथे येणारे-जाणारे तंबाखू थुंकत. भिंत लाल व्हायची. म्हणून कुणीतरी तिथे गणपतीची फरशी बसवून घेतली. थुंकणं बंद झालं. मग फरशीला एक हार आला, मग खाली लाकडी फळी आली, फळीवर अंगाऱ्याची डबी आली. थुंकू नये म्हणून बसवलेला देव नवसाला पावतो अशी ख्याती व्हायला फारसा वेळ लागला नाही. कुठलंही स्ट्रेचर वळणावर आलं की मामा न सांगता थांबत, बायका पुढे होत, पेशंटच्या कपाळाला अंगारा लागे. मीसुद्धा कितीतरी वेळा त्या स्ट्रेचरसोबत होते आणि मला ते थांबणं दिसलंच नव्हतं.

"मामा, तुम्ही वळणावर थांबता."

"न्हाई बाई. थांबतोय कुटं?"

"आत्ता थांबलात की!"

"त्ये व्हय. त्ये थांबनं न्हाई. पाया पडलो."

मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण आता ही गोष्ट कुणालातरी सांगायला हवी होती आणि ती सांगणारी मी होते. मी आणे गावच्या पठारावरची. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या घराने बुद्धाचा धम्म घेतला. दवाखान्यात माझं आडनाव सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा अर्थही. माझ्या हातून गोळी घेताना कुणी कधी कुरकुर केली नाही. ट्रस्टी मला मुलीसारखं वागवत, डब्यात काही चांगलंचुंगलं असलं की मावशी माझ्यासाठी राखून ठेवत. पण एकदा सत्यनारायणाच्या दिवशी माझी ड्यूटी लागली आणि मी प्रसाद घेऊन पदराच्या टोकाला बांधला, घरी मुलांना द्यायला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "त्या खात न्हाईत, फेकून देतील." एवढंच. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं होतं. आता मीच उठून म्हणायचं की देवापुढे थांबू नका? नको रे बाबा. वहीत मी अडचणीच्या रकान्यात 'नाही' असंच लिहिलं.

म्हणजे मीही रांगेत जाऊन बसले. हे मला कळत होतं, म्हणून माझी चिडचिड आणखी वाढली. मामांवर, मावशींवर, घड्याळावर.

मग ती बाई आली. सकाळचे आठ वाजून गेले होते, मी नुकता चार्ज घेतला होता. शिनोलीच्या बाजूने जीप आली. पंचविशीतली बाई, रात्री जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात दुखायला लागलं, घरच्यांना वाटलं पित्त. दिवस उजाडला तसे तिचे डोळे मिटायला लागले, मग बोलणं बोबडं झालं. डॉक्टरांनी पायाच्या बोटाशी दोन बारीक टिपके शोधून काढले. मण्यार. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, माणूस हळूहळू लुळा पडत जातो आणि शेवटी छातीही हलायची थांबते. विषावरचं इंजेक्शन लगेच सुरू झालं, पण श्वास कमी कमी होत चालला. व्हेंटिलेटर एकच आणि तो वर. डॉक्टर मशीन तयार करायला आणि घशात नळी घालायची तयारी करायला पुढे पळाले. मला म्हणाले, "तिचा श्वास आता तुमच्या हातात आहे. घेऊन या."

माझ्या डाव्या हातात तिच्या तोंडावर दाबून धरलेला मास्क, उजव्या हातात रबरी फुगा. फुगा दाबला की हवा आत, सोडला की बाहेर. तिची स्वतःची धडपड जवळजवळ संपली होती. मी निघण्याची वेळ मावशींना सांगितली, बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा सांगितला, आणि आम्ही निघालो. मागे आठ-दहा माणसं. सगळ्यात पुढे तिची सासू, पदर तोंडात धरून.

वळणावर स्ट्रेचर आपसूक थांबलं.

सासूने चिमूटभर अंगारा घेतला, सुनेच्या कपाळाला लावला. मी फुगा दाबत होते. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, जिबंला लावू का वाईच?"

जिभेला लावायचा तर मास्क काढावा लागणार. मला ठाऊक होतं की 'नको' म्हणायचं आहे. एवढं सोपं उत्तर आयुष्यात दुसरं नसेल. पण सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, मामाही बघत होते, आणि मला त्या सगळ्यांच्या डोळ्यांत ते पदराच्या टोकाचं वाक्य दिसायला लागलं. हिला काय देवाचं. मी मास्क उचलून बाजूला धरला.

म्हातारी पुढे वाकली. सुनेचे ओठ उघडेनात. तिने बोटाने उघडले. अंगारा सांडला, तिने पुन्हा डबीत बोटं घातली. तेवढ्यात नवरा पुढे आला, त्याने बायकोचं मंगळसूत्र फरशीला टेकवायला म्हणून ओढून लांब केलं. मागून कुणीतरी "पायाला बी लावा, पायाला बी" म्हणत होतं. मी हातात मास्क घेऊन उभी. आता झालं, आता झालं, असं मनाशी म्हणत. मग माझी नजर तिच्या नखांवर गेली.

"चला!" मी अशी किंचाळले की वरून सिस्टर धावत आल्या. मास्क पुन्हा दाबला, पण ओठांवरच्या राखेने आणि घामाने तो बसेना, हवा बाजूने फसफसून जायला लागली. मामांनी स्ट्रेचर अक्षरशः पळवत वर नेलं. वर पोचलो तेव्हा नाडी इतकी मंदावली होती की डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुढचा बराच वेळ कुणाकडेच पाहिलं नाही. नळी गेली. मशीन लागलं. हळूहळू नखं गुलाबी झाली.

"वाटेत काय झालं?" हात धुताना त्यांनी विचारलं.

"वळणावर थोडं थांबावं लागलं," मी म्हणाले.

वहीत लिहिलं: वळणावर मास्क थोडा वेळ बाजूला झाला. कोणी केला, ते लिहिलं नाही. किती वेळ, ते मला माहीत नव्हतं. चार महिने दर फेरीची मिनिटं मोजणारी मी, आणि त्या वेळी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

बाई वाचली. काही दिवसांनी मशीन निघालं, डोळे उघडले, एक दिवस ती चालत घरी गेली. नवऱ्याने सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. मला दोन दिले. "शिष्टर, तुमी व्हत्या म्हणून," असं म्हणाला. मी दोन्ही मावशींना देऊन टाकले. त्या दिवसांत मला झोप लागायची, पण अर्ध्यातच जाग यायची आणि मी उठून घरातली भांडी लावत बसायचे. रॅम्पवरून जायची वेळ आली की मी वळणावर मान खाली घालून भराभर पुढे जायचे. आणि वही कुणी उघडली की मी काहीतरी काम काढून तिथून उठून जायचे.

तीन आठवड्यांनी ती तपासणीला आली. दुपारची ओपीडी संपत आली होती. सोबत सासू होती, पण दोघी बाकाच्या दोन टोकांना. मी चहा मागवला. सून घटाघट प्यायली. सासूने कप हातातच धरून ठेवला.

"बरं वाटतंय ना आता?" मी विचारलं.

"लई बरं. गळ्यात वाईच खरखर हाय, बाकी काय न्हाई." मग ती माझ्याकडे सरकली आणि एखादी नवलाची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "बाई, तुमाला सांगू? मला समदं ऐकू येत व्हतं."

"कधी?"

"तुमी वर नेत व्हता तवा. डोळं उघडत नव्हतं, बोट हलत नव्हतं. पर आतून मी जागीच. तुमच्या त्या फुग्याचा आवाज यायचा. फूस झालं का मला वाईच बरं वाटायचं. दुसरं काय करणार? मंग मी त्योच मोजाय लागले. भाताची रोपं लावताना मोजते तशी."

मण्यारीने लुळा पडलेला माणूस आतून शुद्धीत असू शकतो, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या रॅम्पवर ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावरून, तिच्या तोंडावरून, ती नसल्यासारखी लोकांच्या नजरा बघत उभी होते.

"मंग मधीच फूस व्हायचं थांबलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता व्हईल, आता व्हईल. नुसतीच मोजत ऱ्हायले. एकतीसपातुर मोजलं. म्होरचं आठवत न्हाई."

"माझ्याच हातानं झालं," सासू जमिनीकडे बघत म्हणाली. "म्याच अंगारा मागितला. त्यो पोरगा माझ्यासंगं बोलत न्हाई. म्हंतो, आये, तू मारली व्हतीस तिला. खरंच हाय त्ये."

सूनही तिलाच दोषी धरत होती, हे बाकावरच्या त्या अंतरावरून दिसत होतं. आणि हे तीन आठवडे त्या घरात चाललं होतं. मी भांडी लावत बसले होते, तेव्हाही चाललं होतं.

मला उठून जावंसं वाटलं. खरंच उठलेही. मग पुन्हा बसले.

"आजी, मास्क तुम्ही नाही काढला. मी काढला."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"तो काढायचा नसतो, हे मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्याकडून काहीच चुकलं नाही. चुकलं ते माझं."

"मंग काढला का?" सुनेने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. घाई झाली, गर्दी झाली, असं काहीतरी. पण तिने एकतीसपर्यंत मोजलं होतं. मी म्हणाले, "मी तुमच्या देवाला मानत नाही. नको म्हणाले असते तर तुम्ही सगळे मला बोलाल, असं वाटलं. भीती वाटली मला."

सासूने कप खाली ठेवला आणि माझ्या मनगटाला हात लावला.

"आगं पोरी," ती म्हणाली, "म्या तुला इचारलं व्हतं नव्हं? लावू का म्हून? आमाला काय ठावं, काय करायचं आन् काय न्हाई. आमी समदी तुझ्या तोंडाकडं बगत व्हतो. तू न्हाई म्हणाली असतीस तर म्या डबी तितंच ठिवली असती."

मी रडले, ओपीडीत, सगळ्यांसमोर. सून उठून सासूच्या शेजारी जाऊन बसली. दोघी निघाल्या तेव्हा एसटी चुकेल म्हणून सुनेने सासूचा दंड धरून तिला घाईने नेलं.

मी वर गेले आणि वही काढली. 'थोडा वेळ' खोडलं, 'एकतीसहून जास्त' लिहिलं. 'झाला' खोडलं, 'मी केला' लिहिलं आणि पुढे सही केली. थोरले मामा दारात उभे होते. त्यांनी वाचून दाखवा म्हणून खूण केली. मी वाचलं. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला, चार पानं मागे गेले आणि स्वतःच्या नावापुढचं 'नाही' खोडायला लागले.